गटार तुंबलं की नगरपरिषद किती कामाला येते?

तक्रार घेतात नीट, गाळही उपसतात, पण उताराची दुरुस्ती कच्ची. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेच्या ड्रेनेज सेवेबद्दल आमचं हे मत.

अर्ज आरोग्य विभागात लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घर क्रमांक, चेंबरची जागा, पाणी कुठून उलटतं, हे सगळं फोटोसकट लिहा. नुसतं ‘गटार तुंबलंय’ लिहिलं तर माणूस येऊन बांबू घालून जातो आणि आठवड्यात पुन्हा तेच.

खरं दुखणं काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपचे जोड हलवते. चार इंची पाइपला साधारण 60 फुटांत 1 फूट उतार हवा. एक जोड खचला की गाळ नेमका तिथेच बसतो. म्हणून पाइपाखाली वाळू किंवा बारीक मुरूम अंथरलाय का, ते चर बुजवण्याआधी वाकून बघाच.

उपसलेला गाळ काठावर सोडतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही. पहिल्याच सरीत तो परत गटारात जातो. ट्रॅक्टर त्याच दिवशी मागा.

घराच्या हद्दीतल्या चेंबरची नोटीस आली तर ते काम मालकाचंच. गच्चीचं पावसाचं पाणी मैल्याच्या पाइपात सोडलं असेल, तर आधी ते तोडा.

आणि माणसाला चेंबरमध्ये उतरवू नका. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे. गाळ ओढून घेणारी सक्शन गाडीच मागवा.