जानेवारीचा फॉर्म की पाडव्याचा पट: सोलापुरात लहानग्यांची शाळा निवडताना

सोलापुरात लहान मुलाच्या शाळेचा निर्णय दोन वेगवेगळ्या मोसमांत होतो आणि अर्धा घोळ तिथेच आहे. खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे नर्सरीचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत सुटतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीतच पहिला हप्ता भरून जागा पक्की केली जाते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांचे गुरुजी-बाई मात्र ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत मार्च-एप्रिलमध्ये दारी येतात. तोवर पैसे गेलेले असतात. दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघायला फारसं कुणी बसतच नाही.

इथे एका बाजूला मराठी माध्यमाची शाळा धरली आहे, मग ती जिल्हा परिषदेची असो, महापालिकेची असो की अनुदानित संस्थेची. दुसऱ्या बाजूला खासगी विनाअनुदानित इंग्रजी माध्यम. दोन्हीकडे उत्तम शाळा आहेत आणि दोन्हीकडे मुलाला पाठवू नये अशाही आहेत. इमारत, रंगवलेल्या भिंती, स्मार्ट बोर्ड हे मी मोजत नाही. मी दोनच गोष्टी बघतो: काहीच कार्यक्रम नसलेला एखादा मंगळवार तिथे कसा जातो आणि सण आला की शाळा त्याचं काय करते.

बिनकार्यक्रमाचा मंगळवार

मराठी शाळेत दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. पहिलीतल्या मुलाला यातलं निम्मं कळत नाही, पण चार ओळी पाठ होतात आणि चारचौघांत उभं राहायची भीड मोडते. पुढे बडबडगीतं, अक्षरं, चिंचोक्यांवर किंवा काड्यांच्या गठ्ठ्यांवर मोजणी. दुपारी पोषण आहाराची खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. खिचडी पातळ आहे की घट्ट हे शाळेवर आहे, पण सगळी मुलं एका ओळीत बसून एकच जेवण जेवतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. डब्यात कुणी काय आणलं याची तिथे चर्चा होत नाही.

या शाळांची दुखरी बाजू शिक्षकांच्या संख्येची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. कागदावर हे जमतंही. पण पट कमी असलेल्या शाळेत एकच गुरुजी पहिली-दुसरी एकत्र घेतात, त्यात निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं येतात. गुरुजी हौशी असतील तर असा एकत्र वर्गही रंगतो. नसतील तर दुसरीचा फळा भरेपर्यंत पहिली नुसती बसून असते. चौकशी करताना शाळेचं नाव विचारू नका, पहिलीला यंदा कोण आहे ते विचारा. परितेवाडी हे माढा तालुक्यातलं छोटं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ते काही शाळेच्या इमारतीकडे बघून दिलेलं नव्हतं.

इंग्रजी शाळेत दिवस घड्याळावर चालतो. गोल बसून गप्पा, ऱ्हाइम्स, वर्कशीट, डबा, खेळ, डायरीत शेरा. मूल पोचल्याचा निरोप फोनवर येतो, स्वच्छतागृह बहुधा बरं असतं, वर्गात मदतीला मावशी असते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलासाठी या गोष्टी लहान नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेला पहिलीच्या आधीचा वर्ग बऱ्याच ठिकाणी नसतोच. तिथे अंगणवाडी असते आणि अंगणवाडीताईंवर पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी असा सगळा भार असतो.

पण वर्कशीट नीट बघा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हे वय एकच पायाभूत टप्पा मानलं आहे आणि त्यात खेळावर भर दिला आहे. त्याच वर्षीचं दप्तर धोरण तर पूर्वप्राथमिकला दप्तरच नको म्हणतं, पहिली-दुसरीला साधारण १.६ ते २.२ किलोच्या पुढे जाऊ नका आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नका, असंही सांगतं. गल्लीतल्या ज्युनियर केजीच्या पोराचं दप्तर एकदा उचलून बघा. साडेचार वर्षांच्या मुलाला जोडून लिहायची एबीसीडी गिरवायला लावणारी शाळा प्रगत नव्हे, उतावीळ आहे. मराठीत बालवाडी रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना खडे, पानं, बिया घेऊन शिकवलं. आज महागड्या प्ले स्कूलच्या माहितीपत्रकात तेच ‘अनुभवातून शिक्षण’ म्हणून छापून येतं.

भाषेचा पेच, सोलापुरी पद्धतीचा

‘मातृभाषेतूनच शिकवा’ हे वाक्य पुण्यात सरळ वाटतं, सोलापुरात नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरात आजी तेलुगू बोलते, अक्कलकोट रस्त्याकडे कन्नड, बाजारात मराठी, तर अनेक मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. शहरात मराठीसोबत उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत. अशा घरातल्या मुलाला मराठी शाळा ही दुसरी भाषा आणि इंग्रजी शाळा ही तिसरी. मग निकष कुठला लावायचा? माझा साधा आहे: मूल ज्या भाषेत भांडतं आणि तक्रार करतं, त्या भाषेत त्याला वर्गात बोलता आलं पाहिजे. ती मराठी असेल तर मराठी शाळा. इंग्रजी शाळा घेतलीच, तर बाई मुलाच्या मराठी-तेलुगू उत्तरावर रागावतात की ते उत्तर घेऊन पुढे जातात, हे बघा. मराठीत बोललं म्हणून दंड घेणारी शाळा असेल, तर फॉर्म परत करा.

इंग्रजीचं ओझं पालक फार वाहतात. मराठी माध्यमात इंग्रजी विषय पहिलीपासून आहेच, २००० सालापासून. सेमीचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकायचा पर्यायही बऱ्याच शाळांत मिळतो. उलट बाजूने, २०२० च्या राज्य कायद्याने मराठी सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीची केली, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या मुलाचं मराठी अगदीच सुटत नाही. एका गोष्टीत इंग्रजी माध्यमाला उजवं म्हणावं लागेल: मोजणी. ट्वेंटी-नाइन, थर्टी-नाइन सरळ रांगेत येतात. आपले एकोणतीस, एकोणचाळीस पोरांना दमवतात. याचसाठी २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली आणि राज्यभर वाद झाला. पण बाजारात ‘पावणेतीनशे’ ऐकून गोंधळलेलं इंग्रजी शाळेतलं मूल पाहिलं, की दुसरी बाजूही कळते.

सण: इथे शाळा उघडी पडते

लहान वर्गात सण म्हणजे सुट्टी नव्हे, अभ्यासक्रमच. मोजणी, चव, वास, गाणी, ऋतू, माणसं, सगळं एकाच दिवशी हाताशी येतं. सोलापूर तर या बाबतीत श्रीमंत आहे. जानेवारीचा दुसरा आठवडा घ्या. १२ तारखेला जिजाऊ आणि विवेकानंदांची जयंती, आणि सोलापूरचा आपला दिवस: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. सहा वर्षांच्या मुलाला फाशी समजावायची गरज नाही, पण हुतात्मा चौकाला ते नाव का, एवढं त्याच्या कानावर पडायला हवं. लगेच भोगी, संक्रांत आणि सिद्धेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले मानकरी, शहराभोवतीची ६८ लिंगं, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. सातपर्यंत मोजायला शिकणाऱ्या मुलाला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

चांगली मराठी शाळा हे सहज वापरते. भोगीला घरून तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते. पावटा, हरभरा, गाजर कुठून आलं यावर बोलणं होतं. मुलं कागदाच्या गुंडाळीचा नंदीध्वज करतात. शेत जवळ असेल तर ज्वारीचा हुरडा. मालदांडीचं कणीस हातात घेऊन दाणे काढणं हा बोटांना वळण लावणारा व्यायाम वर्कशीटवरच्या रेघांपेक्षा कितीतरी सरस. खर्च जवळपास शून्य. आषाढीला मुलांची दिंडी निघते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पंढरपूरला जाते, त्यामुळे त्या वाटेवरच्या शाळांना खरी वारीच दारात बघायला मिळते. वाईट मराठी शाळेत हाच दिवस फलक लिहून, फोटो काढून, गटावर टाकून संपतो. असा फोटो दिसला तर मुलांच्या चेहऱ्यांकडे बघा, कळतं.

इंग्रजी शाळेत सणांसोबत ‘डे’ असतात. यलो डे, फ्रूट डे, ग्रँडपॅरेंट्स डे, ख्रिसमस. आजी-आजोबांचा दिवस मला मनापासून आवडतो. आजीने वर्गात येऊन जात्यावरची ओवी म्हटली तर मुलं डोळे मोठे करून ऐकतात. पण रेनी डे बघून हसू येतं. निळे कपडे, कागदी होडी, रंगीत छत्री आणि बाहेर जुलैचं कोरडं, वाऱ्याचं सोलापूर. आपल्याकडे पाऊस खऱ्या अर्थाने सप्टेंबरात पडतो. तो दिवस सप्टेंबरात घ्यावा, निदान मुलं भिजतील तरी.

खरी तुलना गॅदरिंगच्या वेळी करावी. दोन्हीकडे डिसेंबर-जानेवारीत तालमी सुरू होतात आणि वर्ग ओस पडतात. खासगी शाळेत ड्रेपरीचे पैसे वेगळे, फोटोचे वेगळे, व्हिडिओचे वेगळे. नाच बहुधा सिनेमाच्या गाण्यावर, पुढच्या रांगेत चुणचुणीत मुलं, आणि बुजरं पोर झाड होऊन मागे उभं. अनुदानित शाळांनाही हल्ली ही लागण झाली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत लेझीम, भारूड, गावकऱ्यांची बक्षिसं असा मामला असतो. मंडप साधा, पण लेझमीत प्रत्येक पोराच्या हाती काहीतरी असतं. प्रवेश घ्यायच्या आधी मुख्याध्यापकांना एकच विचारा: गेल्या गॅदरिंगला पहिलीतली किती मुलं स्टेजवर गेली नाहीत?

आणि हेही बघा की शाळेच्या कॅलेंडरवर कोण आहे. ईदला शीरखुर्म्याची गोष्ट होते का? नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात तेलुगू आयाबाया फुलांची बतुकम्मा मांडतात, बसव जयंती असते. हे सगळं शेजारच्याच बाकावर बसलेलं असतं. मोठ्या साखळीच्या शाळेचं कॅलेंडर दुसऱ्या शहरातून तयार होऊन येतं, तिथे रथ आणि बतुकम्मा नसणारच. इतर माध्यमांचे वर्ग एकाच आवारात भरणाऱ्या महापालिका शाळा इथे न सांगता पुढे असतात.

बाकीचं, थोडक्यात

पैशांचा फरक सांगायची गरज नाही, पण फीच्या आकड्यात रिक्षा, बूट-टाय आणि ‘डे’चे कपडे मिळवल्याशिवाय तुलना करू नका. दुर्बल घटकातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. सोडत लागते. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा नियम लागू नाही आणि सोलापुरात अशा शाळा आहेत, म्हणून आधी विचारून घ्या. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. मूल नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल तर वर्गात सगळ्यांत लहान ठरेल, वर्षभर थांबायला हरकत नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असा सरकारचा २०२४ चा निर्णय आहे. तरी लांबच्या शाळेची रिक्षा दारात आठलाच येते. उन्हाळ्यात इथे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा वर्गावर पत्रा आहे की स्लॅब, हेही पाहून या.

कुणी काय घ्यावं

घरात मराठी बोलली जाते, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि पहिलीच्या बाई चांगल्या आहेत असं दोन पालक सांगतात, तर मराठी शाळा घ्या, आणि पाचवीला सेमीचा विचार करा. जिल्हा परिषदेची शाळा चौथीलाच संपत असेल तर पुढची शाळा आत्ताच बघून ठेवा. आई-वडील दोघेही कामावर जातात, मूल साडेतीनचं आहे, घरी सांभाळायला कुणी नाही, तर खासगी शाळेचा पूर्वप्राथमिक वर्ग सोयीचा आहे. तिथे तीन वर्षं ठेवून पहिलीला मराठीत आणणारेही पालक आहेत, आणि ते मला शहाणे वाटतात. बदलीची नोकरी असेल तर प्रश्नच मिटला, केंद्रीय मंडळाची शाळा घ्यावी लागेल.

फॉर्म जानेवारीतच भरायचा असेल, तर पैसे भरण्याआधी पाडव्यानंतर प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतील ते लेखी मागा. आणि यात्रेच्या सुट्ट्या संपल्यावर त्याच आठवड्यात शाळेत जाऊन, न कळवता, पहिलीच्या दारात दहा मिनिटं उभे राहा.