दर्यापूरची अभ्यासिका, महिना ७०० रुपये: कुलर ठीकठाक, तक्रार वही एक नंबर

नाव टाकणार नाही, अभ्यासिका चालवणारे काका म्हणाले टाकू नको, सीटा आधीच फुल आहेत. तरी मार्च २०२५ पासून बसून राहिली तिथं तर खरं काय ते लिहिते, कारण मी जेव्हा शोधत होती तेव्हा सगळीकडे फक्त "पीन ड्रॉप सायलेन्स, सीसीटीव्ही, आरओ वॉटर" एवढंच लिहिलेलं भेटलं, अन् मला जे पाहिजे होतं ते कोणी लिहितच नाही.

माझं सीए इंटर आहे, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेचा मधला टप्पा. गाव दर्यापूरपासून १४ किलोमीटर, एसटी अर्ध्या तिकिटात, घरी अभ्यास होत नाही कारण घरी बाबा, आजी, दोन म्हशी अन् येणारा प्रत्येक माणूस विचारते "निकाल लागला का वं पोरी". जानेवारीच्या अटेम्प्टला टॅक्सच्या पेपरात मी पूर्ण ब्लँक झाली. येत नव्हतं असं नाही, येत होतं. पेपर हातात आला, छाती धडधडायला लागली, हात बर्फासारखे गार, अन् कर-सवलतीचं ८०सी कोणतं ८०डी कोणतं तेच आठवेना. अर्धा तास तसाच गेला. त्यानंतर रात्री तीनला जाग यायला लागली, रोज, गजर लावल्यासारखी. तर अभ्यासिका लावली ती खरं तर घराबाहेर पडायला, मोठा प्लॅन वगैरे काही नव्हता.

जागा कशी आहे: पहिल्या मजल्यावर, खाली कृषी केंद्र. हे आधी माहीत असतं तर विचार केला असता. जूनमध्ये बियाण्याची गर्दी होते तेव्हा खालून आवाज तर येतेच पण फवारणीच्या औषधाचा वास जिन्यातून वर चढते, डोकं दुखते. तीसेक टेबल आहेत, प्लायवूडचं पार्टिशन, खुर्च्या प्लास्टिकच्या म्हणून घरून उशी न्या. कुलर दोन, पण आपला सगळा खारपाणपट्टा, बोरचं पाणी खारं, त्यानं गवताच्या जाळीवर पांढरा थर बसते अन् मेपर्यंत हवा निम्मी होते. जाळी बदला म्हटलं तर "या महिन्यात बदलतो" हे मी तीन महिने ऐकलं. लाईन गेली तर इन्व्हर्टरवर ट्यूब अन् पंखे चालतात, कुलर नाही, ४४ च्या उन्हात दुपारी दोन ते चार काय होत असेल तुम्हीच समजा. प्यायला कॅन असते, ती गोड असते. मुलींचं बाथरूम वेगळं आहे, कडी नीट लागते (हे पण लिहावं लागते), स्वच्छतेला पाचपैकी तीन.

बसणारे बहुतेक पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीवाले. सीएची मी एकटीच. पहिल्या दिवशी बाजूच्या पोट्ट्यानं विचारलं कोणती पोस्ट काढून राहिली, मी म्हटलं सीए, तर म्हणे जागा किती आहेत. मी म्हटलं जागा नसतात, प्रत्येक पेपरला ४० पाहिजेत अन् तीन पेपरच्या ग्रुपची बेरीज ५० टक्के. तो बिचारा दोन मिनिटं विचार करत बसला, मग म्हणे "म्हणजे स्वतःशीच कॉम्पिटिशन? हे तर लय खराब आहे राज्या."

आता काका. काका एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर हे काढलं, अन् सगळा कारभार डेपोसारखाच चालवतात. सकाळी सहाला शटर, रात्री नऊला बंद. मुलींसाठी शेवटच्या गाडीआधी दहा मिनिटं खुद्द येऊन टेबल वाजवतात. मोबाईल आत नेता येत नाही, दारात पत्र्याची पेटी आहे तिच्यात टाकायचा, लेक्चर पाहायचे असतील तर मागच्या खोलीत हेडफोन लावून. सुरुवातीला याचा राग आला. आठ दिवसांनी लक्षात आलं की माझी निम्मी धडधड त्या मोबाईलमधूनच येत होती, टेलिग्रामवर लोकं रात्री अकराला टाकतात "माझी तिसरी रिव्हिजन झाली, तुमची?" अन् आपली पहिलीच चालू असते.

पण मी हा रिव्ह्यू लिहून राहिली ते दारामागं टांगलेल्या वहीसाठी. लाल पुठ्ठ्याची, सुतळीनं बांधलेली, वर काकांच्या अक्षरात "तक्रार पुस्तक". एसटीत असते तसंच. पहिली पानं पाहिली तर कुलरचं पाणी टेबल ९ वर उडते, खाली काकांचं उत्तर "टेबल सरकवला", सही, तारीख. टेबल १४ वाला घड्याळाचा टिकटिक आवाज करते, उत्तर "सेल काढला". अन् मग एका पानावर अगदी बारीक अक्षरात, नाव नाही, काही नाही: "बाबांनी तूर विकून फी भरली. मले वाटते मी याही वेळी नापास होईन." त्याच्याखाली काकांचं उत्तर: "वाचले." सही, तारीख.

बस. एवढंच. उपदेश नाही, हिम्मत सोडू नको नाही. पण त्याच्यापुढं पान पान भरलेलं आहे तशा तक्रारींनी, कोणाला झोप येत नाही, कोणाला ग्राउंडच्या आदल्या दिवशी जुलाब लागतात, कोणाचं लग्न जमवून राहिले. प्रत्येकाखाली "वाचले". कुठं कुठं एखादी ओळ जास्त. मी पंधरा दिवस नुसती वाचत होती, मग एक दिवस लिहिलं की पावणेदोनला पेपर हातात येते अन् मला अक्षरच दिसत नाही. (आमचा पेपर दोन ते पाच असते, आधी पंधरा मिनिटं नुसतं वाचायला देतात, लिहायचं नाही. माझा घात तिथंच होते.) दुसऱ्या दिवशी उत्तर होतं: "मग आल्या आल्या वाचू नको. पयले पानं मोज. गाडीत चढल्यावर आपण पयले सीटा मोजतो, तिकिटं मंग."

हसू आलं, पण ३ मेला मी तेच केलं. पेपर घेतला, पानं मोजली, प्रश्न किती ते मोजलं, तेवढ्यात हाताचा थरथराट जरा बसला अन् मग वाचायला घेतलं. धडधड गेली नाही हं. होतीच. पण अर्धा तास गेला नाही, तीन-चार मिनिटं गेली.

नंतर वाचण्यात आलं की शिकागो विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी हे वहीत लिहिण्यासारखंच २०११ ला सायन्स साप्ताहिकात छापलंय, परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवून काढायला लावली तर जे पोरं जास्त घाबरतात त्यांचे मार्क सुधारले. म्हणजे डोक्यात हिशोबाला जेवढी जागा लागते तेवढीच जागा काळजी अडवून बसते, गर्दीच्या गाडीत पोतं ठेवल्यासारखी, अन् लिहून काढलं की पोतं टपावर जाते. काकांना सांगितलं तर म्हणे "मंग आमच्या एसटीनं थे आधीच ओळखलं होतं."

दुसरी गोष्ट पाच वाजताची. संध्याकाळी पाचला काका सगळ्यांना उठवतात, अर्धा तास ट्यूबच बंद करतात, कोणी बसूनच राहिला तर "चला, खाली उतरा, गाडी डेपोत चालली". पहिले आठ दिवस वाटलं हे काय, मी ७०० रुपये भरले अन् हा माणूस मला हाकलते. मग आम्ही चौघीजणी शकुंतलेच्या रुळाकडे जायला लागलो. मूर्तिजापूर ते अचलपूर धावायची ती छोटी गाडी, आता बंद आहे, रुळाच्या मधात बाभळी उगवल्यात. चालत जायचं, परत येताना आलूबोंडा खायचा. अर्ध्या तासात काही विशेष होत नाही, फक्त परत आल्यावर तोच चॅप्टर जरा कमी राक्षसासारखा दिसते. रात्री तीनची जाग पण चालणं सुरू केल्यावर कमी झाली, एकदम नाही, महिना लागला. चहा पाचनंतर बंद केला त्यानंही असेल, चहा-कॉफीचा असर पाच-सहा तास तरी अंगात राहते, मी आधी रात्री दहाला घेत होती अन् मग झोप नाही म्हणून रडत होती.

आमच्यात एक नर्सिंग झालेली ताई होती, स्टाफ नर्सच्या भरतीची तयारी करणारी. तिनं श्वासाचं शिकवलं. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, सोडणं लांब पाहिजे, कारण श्वास सोडताना ठोके आपोआप मंद होतात, हे नाडीवर बोट ठेवून तिनं दाखवलं तेव्हा मला पटलं. नाहीतर दीर्घ श्वास घे म्हणणारे घरी पण खूप आहेत, फक्त घेच म्हणतात, सोड कोणी म्हणत नाही. अन् तिनंच एका पोट्ट्याला झापलं होतं, तो स्वतःच्या घरच्या काकाच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आला होता, युट्यूबवर पाहिलं म्हणे इंटरव्ह्यूआधी घेतली तर धडधड होत नाही. ताई म्हणे "तुले दमा आहे ना रे? मरशील." दम्यात ती गोळी चालत नाही, डॉक्टरला न विचारता असलं काही करू नका.

आता वाईट अनुभव, हा लिहायलाच पाहिजे. एप्रिलमध्ये एका रविवारी बाहेरून एक सर बोलावले होते, मोटिव्हेशनला. काकांच्या पोरानं बोलावले, काकांनी नाही. दीड तास ओरडले. झोप विसरा, चार तास पुरे, जो झोपला तो संपला, तुमच्या आईच्या हातावरचे घट्टे पाहा. सगळे रडले, मी पण रडली, छान वाटलं, अन् मग सलग पाच दिवस चार तास झोपली. सहाव्या दिवशी कॉस्टिंगचा साधा प्रश्न, मार्जिनल कॉस्टिंगचा, दहा वेळा केलेला, जमेना. वाचलेलं डोक्यात पक्कं बसते ते झोपेतच, हे अकरावीच्या पोराला पण माहीत असते, पण माईक हातात आला की कोणी सांगत नाही. वहीत लिहिलं "पुन्हा असा कार्यक्रम नको". तीन जणांनी खाली सह्या केल्या. उत्तर आलं, "बंद."

मग मे. ३, ५, ७ ला पहिला ग्रुप झाला, मी अमरावतीला मावशीकडे होती, सेंटर तिथंच. अन् मग ती नोटीस आली, देशातल्या परिस्थितीमुळे (भारत-पाकिस्तान तणाव चालू होता) ९ ते १४ मेचे उरलेले पेपर पुढे ढकलले. ज्यांनी कधी अशी परीक्षा दिली नाही त्यांना वाटते वा, जास्त दिवस भेटले. अहो पण आपण सगळं त्या तारखेला बांधून ठेवलेलं असते, झोप, पोट, शेवटची रिव्हिजन, अन् एकदम गाठ सुटते. वर बातम्या पाहून भीती वेगळी, बातम्यांपुढं आपला पेपर तर किस झाड की पत्ती, तरी पोटात गोळा पेपरचाच येते अन् मग त्याचीही लाज वाटते. दीड-दोन तास एसटीत बसून परत दर्यापूरला आली, सरळ अभ्यासिकेत गेली, बॅग पण घरी नाही टाकली. वहीत लिहिलं, पेपर पुढे गेले, आता मी काय करू.

काकांनी माझ्यासमोरच पेन घेतलं. "गाडी लेट आहे. रद्द नाही." सही, तारीख.

नव्या तारखा १६ ते २४ मेमधल्या आल्या. त्या जास्तीच्या दिवसांचे पैसे काकांनी घेतले नाहीत, माझा महिना १० तारखेलाच संपत होता.

एक गोष्ट अजून, दारावर १४४१६ नंबर चिकटवलाय, टेली मानस. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. परत आली त्या रात्री अकराला मी लावला होता, घरचे झोपल्यावर, गोठ्याजवळ उभं राहून. बाईंनी आधी विचारलं जेवलीस का. बाकी काय बोलणं झालं ते माझ्याजवळच राहू द्या, पण तुम्हाला रोजच तसं होत असेल, नुसतं पेपरच्या आधी नाही, तर वही अन् आलूबोंड्यावर भागवू नका, लावा. मला वाटायचं तिथं फक्त वेड लागलेले फोन करतात.

निकाल जुलैमध्ये लागला. पहिला ग्रुप निघाला. दुसऱ्यात ४४, ५१, ४८, म्हणजे तिन्ही पास पण बेरीज १४३, पाहिजे १५०. सात मार्क. त्या दिवशी काय वाटलं ते पण वहीतच आहे, पान दुमडून ठेवलंय, वाचायचं असेल तर सीट लावा.

तर हिशोब असा: ७०० महिना, २०० डिपॉझिट (परत भेटते, मला विचारावं लागलं दोनदा), दहावी-बारावीवाल्यांना घेत नाहीत, सोमवारी अर्धा दिवस बंद. एसी पाहिजे, गुदगुदीत खुर्ची पाहिजे, तर अमरावतीला जा, तिथं भेटते. हवेसाठी दोन स्टार, बाथरूमला तीन, काकांना पाच.

मी सप्टेंबरसाठी परत लावली. १७ नंबरची खिडकीजवळची सीट एका भरतीवाल्यानं घेतली, मला ११ भेटली, तिथं पावसाचं पाणी बरोबर टॅक्सच्या पुस्तकावर टपकते. वहीत लिहिलंय, चार दिवस झाले, अजून उत्तर नाही.