पेल सेंट्सचा पहिला अल्बम: सीडी मागवावी की फोनवर भागवावं?

पेल सेंट्सचा ‘द कम्फर्ट्स ऑफ मॅडनेस’ नीट ऐकायचा म्हणून सीडी मागवावी, की फोनवरच भागतं? महिन्याभरात दोघांनी विचारलं. माझं दोन्ही करून झालंय.

बँड इंग्लंडातल्या लीड्सचा, रेकॉर्ड कंपनी फोर एडी, साल १९९०. त्याच वर्षी त्याच कंपनीने कॉक्टो ट्विन्सचा ‘हेवन ऑर लास व्हेगस’ काढला, राइड या बँडचा ‘नोव्हेअर’ही त्याच वर्षीचा, आणि पुढच्याच वर्षी माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’. असल्या पंगतीत ही पोरं कधी बसली आणि कधी उठली, फारसं कुणाला कळलं नाही. मलाही नाही. पुण्यात कॉलेजला असताना एका मित्राने पेन ड्राइव्हवर दिला होता. गायक इयन मास्टर्सचा आवाज आवडला, पोरसवदा आणि धुक्यात बुडालेला. पण गाणी मधेच कुणी तोडल्यासारखी वाटायची. दोन-तीनदा ऐकून सोडून दिला.

दोष गाण्यांचा नव्हता, हे कळायला बारा-तेरा वर्षं गेली.

झालंय असं की या अल्बममध्ये गाणं संपतं तिथे बँड थांबत नाही. गिटारचा घुमारा चालू राहतो, त्यातून एखादी बिनशब्दांची वळवळ निघते आणि तीच पुढच्या गाण्यात जाऊन मिळते. अकरा गाणी, पण खरं तर चाळीसेक मिनिटांचा एकच ताणा. हे जोडतुकडे स्वतंत्र ट्रॅक नाहीत, आधीच्या गाण्याच्या शेपटीला चिकटलेले आहेत. एमपीथ्री करताना प्रत्येक फाइलच्या टोकाला शांततेचा बारीकसा तुकडा लागतो. एरवी तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथे मात्र दर तीन-चार मिनिटांनी धागा तुटतो.

फोनवरच्या ॲपमध्ये हे आता पुष्कळ सुधारलंय, नाही असं नाही. गॅपलेसची, म्हणजे मधे फट न पाडता गाणी वाजवायची सोय असते. पण माझ्या जुन्या फोनवर ती कधी चाले, कधी नाही. फुकटातलं ॲप घेतलं तर ते गाणी स्वतःच्या मर्जीने उलटसुलट लावू शकतं, वर जाहिरात. कुणी म्हणेल क्रॉसफेड लावा, म्हणजे एक गाणं विरता विरता पुढचं त्यावर चढतं. मी लावून पाहिलं. त्याने फट बुजते, पण शेपटीतली ती वळवळही विरून जाते, म्हणजे ज्यासाठी ऐकायचं तेच गेलं.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडे, मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटखट कानात असते, इतकी की ऐकू येत नाही. ऐकू येतं ते माग थांबले की. एका रविवारी बालमित्र जेवायला आला होता, फोनवरून स्पीकरला हा अल्बम लावला होता. दुसरं गाणं संपलं, अर्धा सेकंद गप्प. त्याने भाकरीचा घास हातात धरून वर पंख्याकडे बघितलं.

“लाईट गेली का बे?”

तिसऱ्या गाण्याला पुन्हा तसंच. चौथ्याला मी बंद करून टाकलं. त्याच आठवड्यात सीडी मागवली.

सीडीचेही ताप आहेतच. प्लेअर जुन्या बाजारातला, उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला की तो डिस्क वाचायला नखरे करतो. इथल्या दुकानात मिळायची आशा सोडा, परदेशातूनच मागवावी लागते आणि टपालखर्च डिस्कच्या किमतीला गाठतो. २०२० साली तिसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, तिच्यात डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंगंही आहेत. पण मला विचाराल तर साधी जुनी मिळाली तरी पुरे. आणि खरोखरच लाईट गेली तर प्लेअर मुका, फोन वाजतच राहतो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालात तर सीडी काय डोक्यावर घेऊन बसणार? तिथे फोनच.

एलपीचा, म्हणजे मोठ्या तबकडीचा विचार मी केला नाही. मधे उठून बाजू उलटायची म्हणजे फट पैसे देऊन विकत घेतल्यासारखं.

तुमच्या फोनवर गॅपलेस नीट चालत असेल आणि वर्गणी भरलेली असेल, तर कदाचित फरक जाणवणार नाही. कान ज्याचे त्याचे. माझं म्हणाल तर पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा रात्र होती, माग बंद होते, आणि पहिल्या गाण्यातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो ते मला कळलंच नाही. कॉलेजात सोडून दिलेला अल्बम हाच का, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून लावला.

सोलापुरातच असाल तर आधी माझी नेऊन ऐका. फक्त शेंगाचटणी खाऊन आला असाल तर हात धुवा, मागच्या वेळी त्या मित्राच्या बोटांचं तेल पुसायला मला संध्याकाळ लागली.