ऐंशीवर अडलेली बॅटरी : जुना लॅपटॉप आणि लिनक्स मिंट, दहा महिन्यांनंतर

गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात, जानेवारी २०२५मध्ये, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून १४,५०० रुपयांना हा लॅपटॉप उचलला. कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेला काळा ठोकळा, सहाव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ला इंटेल आठव्या पिढीच्या खालचा सहसा अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ऑक्टोबरात निवृत्त होणार हे तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर या भावात मिळाला. घरी आणला त्याच रात्री विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २०२९पर्यंत अपडेट येणार, तेही फुकट. दुकानदाराने सहा महिन्यांची वॉरंटी बिलामागे पेनाने लिहून दिली होती.

चालतो कसा? चांगला. वायफाय, आवाज, प्रिंटर पहिल्याच दिवशी लागले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी बघतो; हिशेबाचं टॅली तिथल्याच मशीनवर, बाकी तक्ते घरी लिबरऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये. इनस्क्रिप्ट कीबोर्डने ‘पोऱ्या’तला अर्धा ऱ नीट येतो, ज्यासाठी मी पूर्वी दहा दहा मिनिटं घालवलीयत. एवढं पुरे. मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल.

लिनक्समध्ये बॅटरीसुद्धा एक फोल्डर असते. त्यात एका फाईलमध्ये ती नवी असताना किती वीज मावत होती ते असतं आणि दुसरीत आता किती मावते ते. माझी मूळची ५० वॉट-अवर (विजेच्या साठ्याचं माप). आणली तेव्हा ३८.२. हा आकडा रोज सकाळी बघायची मला सवय लागली, चहाच्याही आधी. मे अखेरीस तो ३४.९वर आला. आमची वरची खोली पत्र्याची. बाहेर ४३ अंश असताना आत काय होत असेल ते सोलापूरकराला सांगायला नको. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि सतत काठोकाठ भरून ठेवणं. मी तिला दोन्ही देत होतो.

म्हणून टीएलपी नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं. बायको म्हणाली, “अहो, चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा बादल्या, घागरी, पिंप, सगळं काठोकाठ भरता. मग हिलाच का अर्धपोटी ठेवता?” उत्तर होतं माझ्याकडे, पण त्याच संध्याकाळी वीज गेली आणि सव्वा तासात लॅपटॉप बंद पडला. जीएसटीचा तक्ता अर्धाच राहिला. उत्तर दिलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार्जिंगची पिन ढिली झाली. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागायचा. वॉरंटी संपायला नऊ दिवस होते. दुकानात गेलो. त्याने चालू करून बघितलं आणि म्हणाला, “ह्यात विंडोजच नाही की ओ. काढलं म्हंजे वॉरंटी गेली.” पिन आणि विंडोज यांचा काय संबंध, असं विचारलं तर त्याने पिन दाबून धरली, कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. “हे बघा, ऐंशीच्या वर चढंनाच. लिनक्समुळंच.”

म्हटलं, ते मी मुद्दाम लावलंय. त्याला पटेना. त्याने माझी एसएसडी, म्हणजे डिस्क, काढून स्वतःची विंडोजवाली लावली. तरी ऐंशीच. “प्लग्ड इन, नॉट चार्जिंग.” क्षणभर मीही चरकलो. मग डोक्यात उजेड पडला : या जातीच्या लॅपटॉपमध्ये ही मर्यादा डिस्कवर नसते, बोर्डावरच्या वेगळ्या छोट्या चिपमध्ये जाऊन बसते. डिस्क बदला, विंडोज टाका, ती तशीच. हे मी त्याला प्रामाणिकपणे समजावलं, आणि तिथेच चुकलो. “म्हंजे तुमच्या लिनक्सनं बोर्डातच घुसून काम केलं न्हवं का?” आता याला खोटं कसं म्हणायचं! वर त्याने २,८०० रुपयांची नवी बॅटरी पुढे केली. मी लॅपटॉप पिशवीत घातला.

विजापूर वेशीजवळच्या एका मोबाईल रिपेरीवाल्याने २० मिनिटांत पिन बदलली. ती वायरसकट सुटी मिळते, बोर्डाला टाकाही द्यावा लागत नाही. ३५० रुपये. लिनक्स आहे का विंडोज, त्याने विचारलंसुद्धा नाही.

इथवर लिहून जरा थांबलो, कारण ऐंशीच्या मर्यादेचं कौतुक करणार होतो. जून ते नोव्हेंबर आकडा ३४.९वरून फक्त ३४.१वर आलाय. पण जूनमध्येच मी टेबल पत्र्याखालून खालच्या स्लॅबच्या खोलीत आणलं आणि पाऊसही लागला. तेव्हा बॅटरी नेमकी कशामुळे सावरली, टीएलपीमुळे का स्लॅबमुळे, हे पुढच्या मेपर्यंत सांगता यायचं नाही. शिवाय पूर्ण भरून पूर्ण उतरवली नाही तर तो आकडाही अंदाजच असतो. तसं एकदा करून बघायला हवं. जिवावर येतं, इतकंच.

सध्या तडजोड अशी : रोज ऐंशी; वीज जाणार असल्याचा मेसेज आला की आदल्या रात्री एक कमांड देऊन शंभर. मागच्या महिन्यात दोनदा मेसेज आला आणि वीज गेलीच नाही, दोन्ही वेळा उगाच काठोकाठ भरली, ते अजून डोक्यात आहे.

नवी बॅटरी घ्यायची हद्द मी ३२.५ ठरवलीय. आज सकाळी ३४.१.