मनाई हुकूम मोडला: 2-अ चा अर्ज की अवमान याचिका?

मनाई हुकूम हातात आहे, समोरच्याने तो धाब्यावर बसवलाय आणि वकील विचारतायत, "दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39, नियम 2-अ खाली त्याच कोर्टात अर्ज टाकू, की हायकोर्टात अवमान याचिका?" मी वकील नाही. पण या प्रश्नापाशी दोन महिने अडून बसलो होतो.

आमचं प्रकरण गिरगावातल्या चाळीचं. सामाईक गॅलरी अडवू नये असा हुकूम सिटी सिव्हिल कोर्टाने शेजाऱ्याला दिला होता. एका रविवारी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोर विटांची रांग, ओलं सिमेंट आणि कठड्याला टेकून चहा पिणारा गवंडी. पुढच्या रविवारपर्यंत भिंत कमरेएवढी झाली. चौकीत गेलो, तर 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवलं.

नुसती शिक्षा पाहिली तर अवमान जड. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2-अ मध्ये दिवाणी कैद, तीही फार तर तीन महिने. शिवाय हायकोर्टाच्या नावाचा दरारा वेगळाच. माझाही कल आधी तिकडेच होता.

तो फिरला मेहुण्याच्या केसमुळे. त्याच्या अवमान याचिकेला मी सोबत जायचो. बोर्डावर नंबर लागेपर्यंत दिवस जायचा, त्याचं काही नाही, ते सगळीकडेच आहे. खटकली ती माफी. समोरच्याने वर्षभर मिशीला पीळ देऊन हुकूम मोडला आणि नोटीस लागल्यावर हात जोडून बिनशर्त माफीचं शपथपत्र दिलं. कोर्टाने समज दिली, प्रकरण मिटलं. मेहुणा बाहेर येऊन म्हणाला, "भावजी, माफी कोर्टाला मिळाली. मला काय मिळालं?" माफी मनापासून आहे असं कोर्टाला पटावं लागतं, हे खरं. आणि मनात आणलं तर हायकोर्ट सगळं पूर्ववत करायलाही लावू शकतं. पण अवमानाचा मामला मुळात कोर्ट आणि हुकूम मोडणारा यांच्यातला. आपण वर्दी देणारे, फार तर.

2-अ मध्ये निदान आपण पक्षकार राहतो. तिथे जप्ती आहे. वर्षभरापर्यंत मालमत्ता अडकते, आणि तरीही माणूस ऐकला नाही तर ती विकून त्यातून आपल्याला भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आहे. हुकूम ज्या कोर्टाचा, अर्जही तिथेच, त्यामुळे कागद नव्याने मांडत बसावं लागत नाही. पुरावा मात्र चोख हवा. उलटतपासणी झाली तर महिने निघतात, आणि निकालावर अपीलही होतं. आणि हा मार्ग हाताशी असताना थेट अवमानात गेलं तर हायकोर्ट बऱ्याचदा 'आधी तिकडे जा' म्हणतं. वकिलाची फी मग दोनदा.

समोर सरकारी खातं असेल तर मात्र मी दुसऱ्यांदा विचार करीन. जप्तीने खात्याला काही वाटत नाही, पण अवमानात साहेबाचं नाव घालता येतं. त्या वाटेने जायचं तर एक वर्षाची मुदत डोक्यात ठेवा, ती हुकूम मोडल्यापासून मोजतात.

कुठेही गेलात तरी, समोरच्याला हुकूम माहीत होता हे दाखवता आलं पाहिजे. आमच्याकडे पक्की नक्कल दिल्याची त्याची सही होती, आणि दर रविवारी त्या दिवसाचा पेपर भिंतीला टेकवून काढलेले फोटो.

अर्जात आम्ही जप्तीसाठी त्याच्या मशीद बंदरच्या गाळ्याचा पत्ता घातला. पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी गवंडी परत आला, या वेळी हातोडा घेऊन. विटा अजून जिन्याखाली पडल्यात. त्या कोणी उचलायच्या, याबद्दल हुकमात काहीच नाही.