रत्नागिरीतला फिजिक्सच्या गणितांचा क्लास, पोरांना घालावं का

थोडक्यात हवं असेल तर, पाचातले साडेतीन स्टार. पोरगं "सूत्रं सगळी पाठ आहेत पण कुठलं कुठे लावायचं तेच कळत नाही" म्हणून रडत असेल तर डोळे झाकून घाला, आणि घटक चाचणी पुढच्या आठवड्यात आहे म्हणून घालणार असाल तर पैसे वाया. मारुती मंदिरच्या बाजूला एका घराच्या माडीवर चालतो, बाहेर बोर्डबिर्ड काही नाही, नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. माझी मुलगी नववीला, सेमी इंग्लिश, आणि नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम, त्यामुळे वर्षाची सुरुवातच रडारडीने झाली होती.

सरांची पद्धत अशी की आधी चित्र काढायचं, मग बाण काढायचे, कोण कोणाला ढकलतंय ते लिहायचं आणि मगच सूत्राचं नाव घ्यायचं. सुरुवातीला मला वाटलं हे काय, ड्रॉइंगचा क्लास आहे का. पण एकदा मागे बसून बघितलं आणि पटलं. गणित साधं होतं, ट्रक ताशी 72 किमीने येतोय, ब्रेक मारल्यावर 5 सेकंदात थांबला, तर किती अंतर गेला. पोरांनी 72 चे 20 मीटर पर सेकंद केले (इथेच दोघंजण गळले, 3.6 ने भागायच्या ऐवजी गुणलं), मग 20 गुणिले 5, उत्तर 100 मीटर, सगळे खुश. सर आमच्या बाईसाहेबांना, म्हणजे माझ्या मुलीला, म्हणाले, "थांबेपर्यंत ट्रक वीसनेच धावत होता काय गो?" ती गप्प. मग तिलाच कळलं की सुरुवातीला वीस आणि शेवटी शून्य म्हणजे सरासरी दहा, म्हणून अंतर 50 मीटर. आमच्याकडच्या एका गाईडमध्ये ह्याच टाइपच्या गणिताचं उत्तर चक्क दुप्पट छापलंय, आणि शाळेत अर्ध्या वर्गाने ते तसंच उतरवून घेतलंय.

उदाहरणं सगळी इथली देतात हे मला सगळ्यात जास्त आवडलं. कोकण रेल्वेच्या गाड्या जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी 40 वर का आणतात, हे त्यांनी गणित घालून दाखवलं. ब्रेकने वेग दर सेकंदाला अर्धा मीटर पर सेकंद कमी होतो असं धरलं तर 80 ने येणारी गाडी साधारण 494 मीटरवर थांबते आणि 40 ने येणारी 123 मीटरवर. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर चौथाई होतं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. रुळावर दरड आलीय आणि ड्रायव्हरला ती दोनशे मीटरवरून दिसली तर काय, एवढं विचारल्यावर पोरांना सूत्र पाठ करायची गरजच उरली नाही.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला (प्रत्येक बलाला तेवढंच उलटं बल) होडी. 60 किलोचा माणूस 120 किलोच्या होडीतून 2 मीटर पर सेकंदाने धक्क्यावर उडी मारतो तर होडी 1 मीटर पर सेकंदाने मागे सरकते (पाण्याचा विरोध सोडून). एका पोराने विचारलं, सर दोन्ही बलं सारखी आणि उलटी तर मग ती एकमेकांना खाऊन का टाकत नाहीत? सर म्हणाले, "बाबू, एक बल तुझ्यावर, एक होडीवर. दोघांचे हिशोब एका वहीत कशाला लिहितोस?" हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

आता तक्रारी. त्यांच्या सराव शीटमध्ये 'जी' (g, म्हणजे गुरुत्व त्वरण) कधी 9.8 तर कधी 10 धरलाय आणि वर लिहीत नाहीत. 20 मीटर उंच माडावरून नारळ पडला तर 10 धरून बरोबर 2 सेकंद आणि 20 मीटर पर सेकंद वेग येतो, 9.8 धरला की 19.8. पोरगी अर्धा तास स्वतःची चूक शोधत बसली. घर्षण म्हणाल तर प्रत्येक गणितात "नगण्य माना", आणि बाहेर पावसात जांभ्याच्या पाखाडीवर चालून बघा म्हणावं किती नगण्य असतं ते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आलेख. बालभारतीच्या पुस्तकात गतीची तिन्ही समीकरणं वेग-काल आलेखावरून काढलीयत, परीक्षेत तेच विचारतात, आणि सरांनी ते एका तासात उरकलं. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे घरी मी आणि तिच्या काकाने मिळून शिकवलं.

बॅचमध्ये पोरं फार, मागच्यांना फळा दिसत नाही, लाईट गेली की पंखा बंद आणि माडीवर नुसती भट्टी. फी महिन्याला 800, इथल्या मानाने ठीकच. गणपतीत आठवडाभर सुट्टी, त्याबद्दल काही म्हणणं नाही, आम्ही पण गावीच असतो, पण ते तास नंतर भरून काढले नाहीत हे खटकलं.

दहावीला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण आहे, तेव्हा परत घालणार आहे, फक्त आलेख आणि घर्षण घेणार का ते आधी विचारून. तुम्ही जाणार असाल तर शनिवारची बॅच मागा, तिथे गर्दी जरा कमी असते, आणि शीट हातात आली की पहिल्यांदा सरांना जी किती धरायचा ते विचारून घ्या.