बॅगा मोजायचा लटकता काटा : दिवाळीपासूनचा वापर

पट्टा बॅगेच्या मुठीत अडकवायचा, उचलायचं, आकडा स्थिरावला की टुक वाजतं. इतकंच यंत्र. पण आमच्या धामणगावकडची पोरं दुबई-मस्कतला कामाला आहेत, त्यामुळे काटा घरी कमी अन् गावात जास्त फिरतो.

किराणा दुकानातल्या काट्याशी ताडून पाहिला. शे-दीडशे ग्रॅमचा फरक येतो, म्हणून अर्धा किलो हातचा राखूनच भरा. तिकिटावर २३ किलो आहे की ३०, ते आधी वाचा. एकच बॅग ३२ किलोवर गेली तर जास्तीचे पैसे देऊनही सहसा घेत नाहीत.

वैताग एकाच गोष्टीचा. चालू करायचं बटण जरा जास्त दाबलं की किलोचे पौंड होतात. शेजारच्या काकूंनी वीस किलोच्या बॅगेवर ४४ वाचलं. "माय वं, हे त पोतंच झालं!" म्हणत सरगुंड्यांचा डबा काढूनही ठेवला.

कोणती वस्तू कोणत्या बॅगेत, हे मात्र काटा सांगत नाही, आणि विमानतळावर खरी रखडपट्टी तिथेच होते. तिखट, मसाला, लोणचं हातातल्या बॅगेत ठेवलं तर तपासणीत काढून घेतात. ते मोठ्या बॅगेत, नीट बांधून. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्याच बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घेतात म्हणून. आणि खसखस आखातात अमली पदार्थात मोजतात. आईनं कितीही म्हटलं तरी चिमूटभरही नको.

विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्यांची एक सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली, त्यामुळे सीएसएमटीला उतरून थेट टी-२ (मुंबई विमानतळाचं टर्मिनल २) स्टेशन गाठता येतं. या विमानतळाची आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरूनच सुटतात; टॅक्सी केली तर 'सहार' सांगा, नाहीतर सांताक्रूझच्या टी-१ ला नेऊन सोडतील. तीन तास आधी पोहोचा. पोहोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा जीपभर माणसं नेण्यात अर्थ नाही.

काटा सोबतच न्या. येताना खजूर, साबण, अत्तरानं बॅग जाताना होती त्याहून जड होते. सेल मात्र लवकर उतरतो. घड्याळवाल्याकडे मिळतो, एक जास्तीचा घेऊन ठेवा.